जनगणनेच्या आकड्यांबरोबर गावांच्या शिवाही द्या : महानिबंधकांना खुले पत्र

प्रति,
भारताचे महानिबंधक व जनगणना आयुक्त, नवी दिल्ली;
तसेच संचालक, जनगणना कार्य संचालनालय, महाराष्ट्र, मुंबई.

विषय : 2027 च्या जनगणनेचे गाव व वॉर्ड पातळीवरील आकडे प्रसिद्ध करताना त्याच पातळीचे, संपादन करता येण्याजोगे राज्याचे नकाशे विनामूल्य उपलब्ध करून देण्याबाबत.

महोदय,

मी पुण्यात राहतो आणि ग्रामपंचायती, पंचायत समित्या, शाळा व लहान स्वयंसेवी संस्था यांना सादरीकरणे तयार करून देतो. कोणाला पाणीटंचाईचा आराखडा मांडायचा असतो, कोणाला आरोग्य उपकेंद्रासाठी नवी जागा सुचवायची असते, कोणाला शाळा सोडलेल्या मुलींची संख्या गावागणिक दाखवायची असते. या सर्वांना लागणारा मूळ आकडा, म्हणजे कोणत्या गावात किती माणसे, किती घरे, किती साक्षर, किती शेतमजूर हा तपशील, जनगणनेच्या प्राथमिक गोषवाऱ्यात एक्सेलच्या रकान्यांत व्यवस्थित मांडलेला मिळतो. तो आकडा ज्या जमिनीवरचा आहे त्या जमिनीचा आकार मात्र तितक्या सहज मिळत नाही. जिल्हा जनगणना पुस्तिकेत तालुक्याचा नकाशा असतो आणि त्यावर गावांच्या शिवाही, म्हणजे हद्दीच्या रेषाही, असतात, परंतु तो छापील चित्राच्या स्वरूपात असतो.

'संपादन करता येण्याजोगा नकाशा' हे शब्द जड वाटतील, म्हणून त्यांचा अर्थ आधी सांगतो. पीडीएफमधल्या नकाशात माणसाच्या डोळ्याला सव्वाशे गावे दिसतात, पण संगणकाच्या लेखी तिथे एकही गाव नसते. असतात त्या नुसत्या रेषा किंवा रंगाचे ठिपके. संपादनयोग्य नकाशात प्रत्येक गाव हा स्वतंत्र आकार असतो. त्यावर क्लिक केले की तेवढेच गाव निवडले जाते, त्यात रंग भरता येतो, त्याचे नाव लहानमोठे करता येते, शेजारची दोन गावे जोडता येतात, नको असलेला तालुका काढून टाकता येतो. आणि हे सारे पॉवरपॉइंटच्या स्लाइडवर होते, त्यासाठी वेगळे सॉफ्टवेअर विकत घ्यावे लागत नाही. असा नकाशा हाती असला की ग्रामसेवकही अर्ध्या तासात आपल्या गणाचे सादरीकरण करू शकतो. नसला की काय होते, ते मी स्वतः केलेल्या एका उद्योगावरून सांगतो.

एका तालुक्याच्या आमसभेत टँकरची मागणी गावनिहाय दाखवायची होती. तालुक्याचा छापील नकाशा मी स्कॅन केला, तो स्लाइडवर पसरला आणि माऊसने एकेक शीव गिरवायला बसलो. शंभराहून अधिक गावे होती. एका गावाची शीव गिरवून झाली की शेजारच्या गावासाठी तीच रेषा पुन्हा गिरवावी लागते, आणि हात दुसऱ्यांदा त्याच वाटेने जात नाही; मग दोन गावांच्या मध्ये पांढरी फट राहते किंवा एक गाव दुसऱ्याच्या अंगावर चढते. नदीकाठी तर शीव कोणती आणि नदीचे पात्र कोणते हे स्कॅनमध्ये कळेना. तीन रात्री गेल्या. बैठकीच्या दिवशी मागच्या रांगेतले एक सरपंच उठून पडद्याजवळ आले, त्यांनी आपल्या गावाच्या जागी बोट ठेवले आणि तिथे शेजारच्या गावाचा रंग पाहून विचारले, "आमचं गाव धरणात गेलं का?" सभागृह हसले, मीही हसलो. पुस्तिकेची पाने जिथे शिवलेली असतात, त्या खाचेत त्यांचे गाव गेले होते आणि स्कॅनमध्ये ते उतरलेच नव्हते. त्या गावाला टँकरची गरज होती. यादीत त्याचे नाव होते, पण पडद्यावर ते नव्हते, आणि सभेत पडद्यावर नसलेल्या गावाची चर्चा होत नाही.

यानंतर मी एका खासगी विक्रेत्याकडून जिल्ह्याची तयार फाइल विकत घेतली. तीत आकार देखणे होते, पण गावांचे सांकेतांक नव्हते, नावे इंग्रजीत होती आणि या शिवा कोणत्या सालच्या याचा कुठेही उल्लेख नव्हता. नावावरून आकडे जोडायला गेलो, तेव्हा जेवढी गावे जुळली, त्यांपेक्षा न जुळलेल्यांची यादी मोठी निघाली.

अमेरिकेत हा प्रश्न कसा सोडवला गेला, ते थोडे विस्ताराने लिहितो. कारण त्या व्यवस्थेतली एक गोष्ट आपल्या शहरांना थेट उपयोगी पडेल असे माझे मत आहे. तिथे 'सेन्सस ट्रॅक्ट' नावाचा घटक आहे. 1906 साली न्यूयॉर्कमध्ये वॉल्टर लेडलॉ यांनी ही कल्पना मांडली. वस्त्यांचा अभ्यास करायचा तर वॉर्डांचे आकडे उपयोगाचे नाहीत, कारण वॉर्ड वारंवार बदलतात, म्हणून मोजणीसाठी लहान आणि कायमचे भाग पाडावेत, असे त्यांचे म्हणणे होते. 1910 च्या जनगणनेत न्यूयॉर्कसह आठ शहरांसाठी तसे भाग वापरले गेले. आज सारा देश ट्रॅक्टमध्ये विभागलेला आहे आणि 2020 च्या जनगणनेत त्यांची संख्या 84 हजारांहून अधिक होती. एका ट्रॅक्टमध्ये 1,200 ते 8,000 माणसे असावीत आणि शक्यतो 4,000 च्या आसपास असावीत, असा दंडक आहे. वस्ती फार वाढली तर ट्रॅक्टचे तुकडे होतात, परंतु ते जुन्या शिवेच्या आतच होतात आणि त्यांच्या क्रमांकांत जुना क्रमांक टिकून राहतो; 101 चे 101.01 आणि 101.02 होतात. त्यामुळे दहा-वीस वर्षांपूर्वीचे आकडे आजच्या आकड्यांशी ताडून पाहताना नातवाच्या नावावरून आजोबा सापडावा तसे जुने घटक सापडतात.

या ट्रॅक्टांच्या सीमांच्या फाइली तिथला जनगणना विभाग राज्यवार, मोफत आणि कोणत्याही परवानगीविना देतो. 1990 च्या जनगणनेसाठी त्यांनी 'टायगर' नावाची अंकीय नकाशांची व्यवस्था उभारली आणि पुढे सरकारी व खासगी नकाशांचे मोठे काम तिच्यावर उभे राहिले. विशेष म्हणजे फाइली दोन प्रकारच्या असतात. एक प्रकार बारीक तपशिलाचा, मोजमापाच्या कामाचा. दुसरा प्रकार मुद्दाम सोपा केलेला, किनाऱ्याची आणि नद्यांची वळणे कमी केलेला, कागदावर किंवा पडद्यावर दाखवण्यासाठी केलेला. म्हणजे नकाशा मोजण्यासाठी लागतो तसा तो दाखवण्यासाठीही लागतो, हे त्या विभागाने मान्य केले आहे. न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये राहणाऱ्या मराठी माणसाला आपल्या भागातल्या शाळेचे सादरीकरण करायचे असेल, तर त्याला 34 हा राज्याचा, 023 हा मिडलसेक्स काउंटीचा (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) आणि त्यापुढचा सहा अंकी ट्रॅक्टचा क्रमांक पुरेसा असतो. अकरा अंक जुळले की आकडा आपोआप आकारात जाऊन बसतो. तिथे तयार स्लाइडच्या रूपात असे नकाशे विकणारेही आहेत, पण ते विकतात ती रंगरंगोटी आणि सोय. मूळ शिवा सरकारच्या असतात आणि सर्वांना खुल्या असतात.

आपल्याकडे ग्रामीण भागात ट्रॅक्टची उणीव फारशी भासत नाही, कारण महसुली गाव हाच आपला जुना आणि बऱ्यापैकी स्थिर घटक आहे. महाराष्ट्रात 2011 साली 43 हजारांहून अधिक गावे नोंदलेली होती. बेचिराख गावेही त्या यादीत येतात, कारण माणसे उठून गेली तरी शीव राहते. अडचण शहरांची आहे. पुणे महापालिकेचेच पाहावे. 2007 च्या निवडणुकीत 144 एकसदस्यीय वॉर्ड होते, 2012 मध्ये 76 द्विसदस्यीय प्रभाग झाले, 2017 मध्ये 41 प्रभाग आणि 162 नगरसेवक, तर 2026 च्या निवडणुकीत प्रभाग 41 च राहिले, पण नगरसेवक 165 झाले आणि शिवाही हलल्या. 2011 ची गणना झाली तेव्हा 2012 ची प्रभागरचना अस्तित्वातच नव्हती. त्यामुळे 'माझ्या प्रभागात 2011 साली किती लोक होते आणि आता किती आहेत' या साध्या प्रश्नाचे उत्तर सामान्य नागरिकाला देता येत नाही, आणि 2027 चे वॉर्डनिहाय आकडे आले तरीही ते देता येणार नाही. निवडणुकीची रचना राजकीय गरजेने बदलते आणि ती बदलणारच. तक्रार तिच्याविषयी नाही. मोजणीचा घटक मात्र तिच्याबरोबर वाहून जाऊ नये.

वास्तविक तो घटक आपल्याकडे आहेच. प्रभागरचनेवर हरकती घ्यायला गेलेल्या कोणत्याही कार्यकर्त्याला 'प्रगणक गट' हा शब्द पाठ असतो. सर्वसाधारणपणे सहाशे ते आठशे लोकवस्तीचा हा गट म्हणजे एका प्रगणकाने मोजायचे क्षेत्र, आणि प्रभाग पाडताना तो शक्यतो फोडायचा नसतो. असे शेजारचे पाच-सहा गट एकत्र केले तर बरोबर चार हजारांच्या आसपासची वस्ती भरते, म्हणजे अमेरिकी ट्रॅक्टचे जे आदर्श प्रमाण मानले जाते तेच. माझी विनंती अशी आहे की महापालिका व मोठ्या नगरपरिषदांच्या हद्दीत आपल्या खात्याने असे समूह एकदाच आखावेत, त्यांना कायमचे क्रमांक द्यावेत, पुढच्या जनगणनेत वस्ती वाढली तर ते जुन्या शिवेच्या आत विभागावेत आणि त्यांचे आकडे वॉर्डांच्या आकड्यांखेरीज स्वतंत्रपणे द्यावेत. नाव काय द्यायचे ते आपण ठरवावे. 'गणनाखंड' म्हटले तरी चालेल. ट्रॅक्ट म्हटले तर निदान सभेत समजावून सांगताना माझी पाच मिनिटे जातील, एवढेच.

हे काम नव्याने कागद-पेन्सिल घेऊन करायचे नाही, हा या वेळचा मोठा फरक आहे. 2027 ची जनगणना देशातली पहिली अंकीय जनगणना आहे. गृहयादीचे गट आखण्यासाठी चार्ज अधिकाऱ्यांच्या, म्हणजे आपापल्या क्षेत्रातली जनगणना सांभाळणाऱ्या स्थानिक अधिकाऱ्यांच्या, हाती संगणकावर चालणारे नकाशाचे साधन देण्यात येत असल्याचे शासनानेच जाहीर केले आहे. प्रशासकीय सीमांमध्ये जे काही बदल करायचे ते 31 डिसेंबर 2025 पर्यंत करण्यास राज्यांना सांगून त्यानंतर सीमा गोठवण्याचे ठरले. 1 मार्च 2027 ही संदर्भ तारीख आहे, म्हणजे लोकसंख्या त्या दिवशीची धरली जाईल. केंद्रीय मंत्रिमंडळाने या साऱ्या कामासाठी 11,718 कोटी रुपयांहून अधिक खर्चाला मंजुरी दिली आहे. म्हणजे गावाची, वॉर्डाची आणि गटाची शीव या वेळी कोठल्या ना कोठल्या संगणकात आकार म्हणून अस्तित्वात असणार. ती आकड्यांबरोबर बाहेर यावी, एवढेच मागणे आहे. मोजणीच्या खर्चापुढे या कामाचा खर्च भाजीतल्या मिठाएवढाही होणार नाही.

सर्वे ऑफ इंडियाच्या पोर्टलवर प्रशासकीय सीमांच्या फाइली मिळतात, इस्रोचे 'भुवन' हे नकाशांचे संकेतस्थळ आहे, नागपूरला एमआरसॅक ही राज्याची दूरसंवेदन संस्था आहे, मग जनगणना खात्याने हे काम का करावे, असे कोणी विचारील. कारण मोजणी कोणत्या शिवेच्या आत झाली हे फक्त जनगणना खातेच अधिकाराने सांगू शकते. इतर संस्थांचे नकाशे त्यांच्या कामासाठी आणि त्यांच्या तारखेचे असतात. जनगणनेचा आकडा एका विशिष्ट तारखेला गोठवलेल्या शिवेचा असतो, आणि तो दुसऱ्या तारखेच्या शिवेत बसवला तर चुकीचा नकाशा तयार होतो आणि तो चुकीचा आहे हे कोणाच्या लक्षातही येत नाही. रिकामी जागा दिसली तर सरपंच उठून विचारतो. भरलेल्या चुकीच्या रंगाला कोणी विचारत नाही.

शिवा किती हलतात, याची दोन उदाहरणे देतो. 2011 साली ठाणे हा 1,10,60,148 लोकसंख्येचा, देशातला सर्वाधिक लोकसंख्येचा जिल्हा होता. 1 ऑगस्ट 2014 रोजी त्यातून पालघर वेगळा झाला. हे विभाजन तालुक्यांच्या शिवेवरून झाले. वसई, डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, वाडा, विक्रमगड आणि पालघर हे आठ तालुके एकीकडे गेले आणि उरलेले सात ठाण्यात राहिले. त्यामुळे तालुकानिहाय आकार हाती असले की जुन्या आकड्यांवरून नवा जिल्हा पाच मिनिटांत उभा करता येतो. अवघड प्रकरण हवेलीचे आहे. उरुळी देवाची हे 2011 साली हवेली तालुक्यातले गाव होते. 2017 मध्ये पुणे महापालिकेत जी 11 गावे आली त्यांत ते होते. 2021 मध्ये आणखी 23 गावे आली. पुढे 2024 मध्ये उरुळी देवाची आणि फुरसुंगी ही दोन गावे महापालिकेतून बाहेर काढून त्यांची स्वतंत्र नगरपरिषद करण्यात आली. म्हणजे एकाच जमिनीची ओळख 2011 मध्ये गाव, मधल्या काळात महापालिकेचा भाग आणि 2027 मध्ये नगरपरिषद अशी तीनदा बदललेली असेल. लोहगाव आणि धायरीसारख्या ठिकाणी तर गावाचा काही भाग आधीच महापालिकेत होता आणि 'उर्वरित' भाग नंतर आला. 2011 मध्ये पुणे महापालिकेची लोकसंख्या 31 लाखांच्या घरात होती. 2027 चा आकडा जाहीर होईल त्या दिवशी वर्तमानपत्रे या दोन आकड्यांची वजाबाकी करून 'पुण्याची वाढ' म्हणून मथळा देतील, आणि त्या वजाबाकीत किती माणसे नव्याने आली आणि किती माणसे जागची हलली नाहीत, नुसती त्यांच्या अंगावरून शीव सरकली, हे कोणालाच सांगता येणार नाही.

म्हणून नकाशासोबत एक जुळणी-तक्ता हवा. 2011 चा प्रत्येक घटक 2027 मध्ये कोणत्या घटकात गेला, पूर्ण गेला की काही भाग गेला, आणि काही भाग गेला असल्यास तो किती, हे सांगणारा साधा दोन-चार रकान्यांचा तक्ता. अमेरिकेत 2010 आणि 2020 च्या ट्रॅक्टांसाठी असा तक्ता प्रसिद्ध झालेला आहे. तिथेही सारे सुरळीत असते असे नाही. 2022 मध्ये कनेक्टिकट राज्यातल्या आठ काउंट्यांच्या जागी नियोजनाचे नऊ प्रदेश धरले जाऊ लागले आणि तिथल्या ट्रॅक्टांच्या क्रमांकांतला काउंटीचा भाग बदलला. तक्ता असला की अशा वेळी निभावून जाते.

आता नावांविषयी, कारण माझा निम्मा वेळ त्यातच जातो. नावावरून आकडा आणि आकार जोडणे महाराष्ट्रात अशक्य आहे. खेड पुण्यात आहे आणि रत्नागिरीतही. कर्जत रायगडात आहे आणि अहिल्यानगरातही. मालेगाव नाशिकला आणि वाशिमला, कारंजा वाशिमला आणि वर्ध्याला, कळंब धाराशिवला आणि यवतमाळला. ही तालुक्यांची गोष्ट झाली. गावांमध्ये पिंपळगाव, वडगाव, पिंपरी किती असतील याची मोजदाद न केलेली बरी. त्यात इंग्रजी लिपीची भर. रोमन अक्षरांत ळ आणि ल, ण आणि न, ट आणि त एकाच दावणीला बांधले जातात, त्यामुळे इंग्रजी यादीतले नाव वाचून मूळ मराठी नाव लिहायचे तर ते गाव आधी माहीत असावे लागते. खुर्द आणि बुद्रुक ही दोन-दोन अक्षरांत आवळलेली असतात. साताऱ्याकडची 'तर्फ सातारा', 'तर्फ परळी' अशी नावे एका अक्षराच्या संक्षेपात गेली की ओळखू येत नाहीत. 2011 च्या इंग्रजी यादीत बीडला 'बिड' आणि रायगडला 'रायगढ' असे लिहिलेले आहे. त्यानंतर औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर, उस्मानाबादचे धाराशिव आणि अहमदनगरचे अहिल्यानगर झाले. नावे बदलतात, बदलू द्यावीत. सांकेतांक मात्र आकाराला कायमचा चिकटलेला हवा. 2011 मध्ये महाराष्ट्राला 27, पुणे जिल्ह्याला 521 आणि प्रत्येक गावाला सहा अंकी क्रमांक होता. तोच धागा 2027 च्या क्रमांकाशेजारी एका रकान्यात ठेवावा, पंचायतराज मंत्रालयाच्या स्थानिक शासन निर्देशिकेचा क्रमांकही द्यावा, आणि गावाचे नाव देवनागरीत, महसुली दप्तरात जसे आहे तसे, संक्षेप न करता द्यावे. राज्यातली सादरीकरणे बहुतांशी मराठीत होतात; ग्रामसभेत तर ती मराठीतच व्हायला हवीत.

फाइलीच्या स्वरूपाविषयी लिहिताना क्षुल्लक वाटेल असा एक तपशील सांगतो. नकाशाच्या फाइली बहुधा 'शेपफाइल' या जुन्या प्रकारात दिल्या जातात. त्यात रकान्याच्या नावाला दहा अक्षरांची मर्यादा असते आणि देवनागरी मजकूर एका संगणकावरून दुसऱ्यावर जाताना पुष्कळदा बिघडतो. फाइल उघडावी तर सगळ्या गावांच्या नावांच्या जागी प्रश्नचिन्हे ओळीने उभी असतात. युनिकोड नीट सांभाळणारे जिओपॅकेजसारखे नवे प्रकार आहेत आणि ते क्यूजीआयएस या नकाशांच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये उघडतात. परंतु ज्याने क्यूजीआयएसचे नावही ऐकलेले नाही, त्याच्यासाठी प्रत्येक तालुक्याची एक एसव्हीजी फाइल, म्हणजे रेषा आणि आकार जपणारी चित्राची फाइल, वेगळी द्यावी. ती पॉवरपॉइंटमध्ये घेतली, 'शेप'मध्ये बदलली आणि सुटी केली की गावे मोकळी होतात. स्लाइडवरच्या प्रत्येक आकाराला त्याच्या सांकेतांकाचेच नाव दिलेले असले तर 'सिलेक्शन पेन'मध्ये आकारांची यादी उघडून हवे ते गाव शोधता येते. गावांचे आकार एका थरात, नावे दुसऱ्या थरात, नद्या-रस्ते तिसऱ्या थरात असावेत, म्हणजे नको तो थर झाकता येतो.

शिवा सोप्या करतानाही एक काळजी घ्यावी लागते. प्रत्येक गाव वेगवेगळे घेऊन त्याची वळणे कमी केली तर दोन गावांची सामाईक शीव दोन निरनिराळ्या तऱ्हांनी सरळ होते आणि मध्ये फटी पडतात, म्हणजे मी माऊसने केले तेच सॉफ्टवेअर करते, फक्त लवकर. सामाईक शीव एकदाच धरून ती दोन्ही गावांसाठी एकदाच सोपी केली की फट पडत नाही. हे आपल्या खात्यातल्या नकाशाकारांना मी सांगावे असे नाही. फक्त, हे काम त्यांनी एकदा नीट केले की राज्यभर ते पुन्हा कोणाला करावे लागणार नाही, म्हणून लिहिले.

गोपनीयतेचा आक्षेप निघेल हे मी धरून चाललो आहे. 1948 च्या जनगणना कायद्याच्या पंधराव्या कलमाने व्यक्तीची माहिती गुप्त ठेवली आहे आणि ती तशीच राहिली पाहिजे. पण मी माणसांची माहिती मागत नाही, शिवा मागतो. गावाची एकूण लोकसंख्या आजही प्रसिद्ध होते, अगदी मोजक्या वस्तीच्या गावाचीही. तिच्याभोवती रेषा काढल्याने कोणाचे गुपित फुटत नाही. या वेळी जातींची नोंद होणार आहे आणि ते आकडे किती लहान क्षेत्राचे द्यावेत हा खरोखर नाजूक प्रश्न आहे. दोन घरे असलेल्या जातीचे गावातले आकडे म्हणजे त्या दोन घरांचीच माहिती. त्याचा निर्णय स्वतंत्रपणे आणि जपून व्हावा. नकाशा मात्र त्यासाठी अडवून ठेवू नये. सुरक्षेचा मुद्दा 15 फेब्रुवारी 2021 च्या भू-अवकाशीय मार्गदर्शक तत्त्वांनी बराचसा निकालात काढला आहे. भारतीय नागरिकांना आणि संस्थांना नकाशे करण्या-वापरण्यासाठी पूर्वपरवानगी लागू नये, हेच त्यांचे सूत्र होते. राज्यांच्या शिवेवर काही ठिकाणी वाद आहेत, चंद्रपूरच्या जिवती तालुक्यातल्या तेलंगण सीमेवरच्या गावांसारखे. तिथे खात्याने जी शीव मोजणीसाठी धरली असेल ती दाखवून शेजारी तशी टीप द्यावी.

एक धोका मला दिसतो आणि तो झाकून ठेवणे योग्य नाही. सहज रंगवता येणारा नकाशा हाती आला की चुकीचे रंगवणेही सहज होते. मेळघाटातल्या किंवा गडचिरोलीतल्या विस्तीर्ण जंगली क्षेत्राच्या गावात माणसे थोडी असली तरी पडद्यावर त्याचाच रंग मोठा दिसतो, आणि डोंबिवलीतला दाट वस्तीचा तुकडा टाचणीच्या डोक्याएवढा. एकूण संख्येचा नकाशा रंगवायचा नसतो, प्रमाणाचा रंगवायचा असतो, हे मी स्वतः पाच-सहा चुकीची सादरीकरणे केल्यावर शिकलो. फाइलीबरोबर मराठीत दोन पानांची सूचनापत्रिका दिली तर तेवढ्या चुका तरी वाचतील. चुका होतील म्हणून नकाशाच देऊ नये, असे मात्र कोणी म्हणू नये. एक्सेलचे तक्ते देतानाही आपण ती अट कधी घातली नाही.

साऱ्या राज्याचे काम एका दमात होणार नाही याची जाणीव आहे. म्हणून आकडे प्रसिद्ध होण्याची वाट न पाहता, गोठवलेल्या सीमांची एका तालुक्याची नमुना-फाइल आधी जाहीर करावी आणि ती वापरणाऱ्यांकडून दोन महिने सूचना मागवाव्यात, अशी माझी विनंती आहे. तो तालुका हवेली असावा. त्यात महापालिका आहे, नवी नगरपरिषद आहे, शिल्लक राहिलेली गावे आहेत, अर्धी आत आणि अर्धी बाहेर गेलेली गावे आहेत, आंबेगाव खुर्द आहे आणि आंबेगाव बुद्रुकही आहे. फाइल प्रसिद्ध झाली की मी सर्वांत आधी तीत उरुळी देवाची शोधेन.

आपला विश्वासू,
सादरीकरणे करून देणारा एक नागरिक
पुणे